दुभत्या जनावराला लसूण की ओवा?

जनावराचं पोट बिघडलं, रवंथ मंदावली, की आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टींकडे हात जातो: लसूण आणि ओवा. दोन्ही मी माझ्या म्हशींना आणि शेळ्यांना दिलेत, आणि दोन्ही गुणाचे आहेत. तरी आज माझ्या आंबोणात फक्त ओवाच पडतो. तुम्ही अजून ठरवत असाल तर माझं म्हणणं ऐका, मग तुमच्या गोठ्याला जमेल तसं करा.

लसणाचा जोर पाकळीत आयता नसतो. पाकळीत अ‍ॅलिइन नावाचं द्रव्य एका कप्प्यात असतं आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या. ठेचलं की दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होतं. जंतूंना मारणारा हा घटक शास्त्रज्ञांनी १९४४ साली वेगळा काढला. तो फार टिकत नाही, म्हणून लसूण ताजा ठेचून लगेच द्यायचा. उकळून दिलात तर विकरच निकामी होतं. हे रोजचं काम आहे, आणि भावाचा भरवसा नाही: २०२४ च्या अखेरीस लसूण किलोला ४०० रुपयांच्या वर गेला होता. तेव्हा माणसांच्याच ताटात तो जपून पडत होता.

ओव्याचा जंतू मारणारा घटक म्हणजे थायमॉल, आणि ते दाण्यात आयतंच असतं. दाण्यात साधारण २ ते ४ टक्के तेल आणि त्यातला जवळपास निम्मा भाग थायमॉलचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांच्या आतड्यातल्या अंकुशकृमींवर (हुकवर्म) थायमॉल हे महत्त्वाचं औषध होतं, आणि पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीतले कारखाने ते भारतातून गेलेल्या ओव्यापासून काढत. व्यालेल्या म्हशीला गुळासोबत ओवा देणाऱ्या आपल्या आज्यांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण गुण पक्का ठाऊक होता.

एवढ्यावर निवड होत नाही. माझी झाली ती दुधाच्या वासावर.

माझं दूध रतिबाने घरोघरी जातं. लसूण सुरू केल्यावर पहिली कुरबूर चहावरून आली. दूध नासलेलं नव्हतं, कासंडी स्वच्छ होती, तरी चहाला काहीतरी वेगळं लागत होतं. लसणातले काही गंधकाचे घटक पोटातून रक्तात उतरतात आणि तिथून श्वासात आणि कासेत जातात. म्हैस ढेकर देते तेव्हा तो वायू फुप्फुसांतूनही रक्तात शिरतो. त्यामुळे बंद गोठ्यात शेजारच्या दावणीच्या जनावराने लसूण खाल्लेला नसला तरी त्याच्या दुधाला किंचित वास लागू शकतो. बाळाला पाजणाऱ्या आयांच्या दुधातही लसणाचा वास खाल्ल्यानंतर साधारण दोन तासांनी सर्वांत तीव्र असतो, असं १९९१ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

यावर उपाय सांगतात तो असा, की धार काढल्या काढल्या लसूण द्यावा, म्हणजे पुढच्या धारेपर्यंत वास उतरतो. मीही तसंच करून पाहिलं. वास बराच कमी झाला, हे खरं. पण सायीत आणि तुपात तो मला जाणवतच राहिला. कुणाचं नाक एवढं तिखट नसेलही. माझ्या गिऱ्हाइकांचं मात्र होतं, आणि रतीब तुटला की पुन्हा जोडायला फार वेळ लागतो.

ओव्याचा वास दुधात येतच नाही असं मी म्हणणार नाही. मी मोठ्या म्हशीला आठवड्यातून दोनदा २०-२५ ग्रॅम ओवा भरडून, गुळात कालवून देतो, आणि तेवढ्याने आजवर कुणी वासाबद्दल बोललेलं नाही. सुरुवातीला जनावर नाक मुरडतं, गुळाने ते सुटतं. मात्र हात सढळ सोडू नका. थायमॉल चांगला जंतू आणि वाईट जंतू ओळखत नाही, आणि म्हशीच्या पहिल्या पोटात कडबा पचवणारेही जंतूच असतात. बाजारात मिळणारी ओव्याची फुलं, म्हणजे जवळपास शुद्ध थायमॉल, जनावराला स्वतःहून देऊच नका. गाभण जनावराला काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि पोट टम्म फुगलं असेल तर ओव्यावर वेळ न घालवता त्यांना बोलवा.

हळदीचं विचाराल तर ती मी पोटात देत नाही. तिच्यातलं कुरकुमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं. दगडीवर, म्हणजे कास सुजण्याच्या आजारावर, २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुन्याचा लेप कासेला बाहेरून लावतात, तिथे ती शोभते.

बोकड, भाकड जनावर, ज्याच्या दुधाचा प्रश्नच नाही, त्याला लसूण खुशाल द्या, बेताने. कांदा मात्र देऊ नका. रक्तातल्या तांबड्या पेशी फोडणारे घटक त्यात जास्त असतात आणि गाईला तो फार लवकर बाधतो.

ओवा सुटा घेताना दोन दाणे बोटात चुरडून पाहा. झणका नाकात गेला नाही तर तो जुना आहे; थायमॉल उडून गेलेलं असतं. भरडलेला साठवू नका, लागेल तेवढाच त्या वेळी भरडा.