सुरतचा कोको: दहा महिने पिऊन झाल्यावर लिहितेय

आमच्या जळगावकडे सुरत म्हणजे काम. कुणाचा मामा पॉवरलूमवर, कुणाचा भाऊ हिऱ्याच्या कारखान्यात, उधना आणि लिंबायतला तर अर्धा खान्देशच राहतो, आणि लग्न ठरलं की बाया साड्या घ्यायला गाडी करून जाणार. पण चला सुरतला काहीतरी गोड खाऊन येऊ असं मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' (जेवण सुरतचं आणि मरण काशीचं) अशी म्हणच आहे गुजरातीत, ती मला इथे बदली होऊन आल्यावर कळली.

मार्चमध्ये आले. पहिले तीन आठवडे ऑफिस ते रूम, रूम ते ऑफिस. मग एका रात्री जेवण झाल्यावर शेजारच्या टेबलवरची कलीग म्हणाली, "कोको पीधो के नहीं?" आणि मी नाही म्हटल्यावर सरळ गाडीवर बसवून घेऊन गेली. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि दुकानासमोर आजी आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळं घर उभं. एवढ्या रात्री बाई म्हणून मला इथे कधीच अवघडल्यासारखं झालं नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण एकट्या मुलींना हेच आधी विचारायचं असतं.

आता कोको म्हणजे काय, तर चॉकलेट मिल्कशेक नाही. यात आइस्क्रीम घालून मिक्सरला फिरवत नाहीत. दूध, साखर, कोको पावडर आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर किंवा कस्टर्ड पावडर, हे उकळून आटवतात आणि मग थंडगार करतात. माझ्या दुकानात (आता 'माझं'च म्हणते) मोठ्या स्टीलच्या डब्यातून लांब दांड्याची पळी घालून काढतात, काढायच्या आधी तळापासून दोनदा हलवतात कारण दाट भाग खाली बसलेला असतो, आणि पळी वर आली की धार लगेच तुटत नाही, रिबनीसारखी घडी पडत ग्लासात उतरते. वरून किसलेलं चॉकलेट. ग्लास हातात घेईपर्यंत बाहेरून घामेजलेला असतो. पहिल्या घोटाला गोड लागतच नाही फार, आधी कोकोचा कडवटपणा येतो, मग दूध, मग शेवटी गोडी, आणि वरच्या ओठावर मिशी उमटतेच. स्ट्रॉ घेऊ नका, उगाच गाल दुखतात, चमचा मागा.

दहा महिन्यात मी साधारण आठवड्यातून दोनदा गेले असेन. मोठा ग्लास साठ रुपये. चव कायम तीच राहिली, पण दाटपणा नाही. रविवारी रात्री आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी गर्दी इतकी असते की नवा माल पुरता गार व्हायच्या आत विकायला काढतात, तेव्हा पातळ लागतो आणि पैसे गेल्यासारखे वाटतात. मे महिन्यात दोनदा तसं झालं, मी काउंटरवर सांगितलं, एकदा बदलून दिला, एकदा नुसते हसले. तेव्हापासून मंगळवार बुधवार, दहाच्या सुमाराला. पावसाळ्यात सगळ्यात छान, गर्दी कमी आणि कोको एकदम जमलेला. ड्रायफ्रूटवालं, क्रीमवालं वगैरे सगळं करून बघितलं, त्यात मूळ चव दबते, साधाच घ्या.

आई आली होती तेव्हा तिला नेलं. तिने अर्धा ग्लास झाल्यावर एकच विचारलं, "हे सतत हलवत गार केलंय ना, साय कुठेच नाही." आणि दुसऱ्या दिवशी घरी केला. कॉर्नफ्लोअर आणि कोको थंड दुधात कालवून मगच उकळत्या दुधात घालायचं नाहीतर गुठळ्या होतात, आणि गॅस बंद केल्यावर कोमट होईपर्यंत हलवत राहायचं. फ्रीजमध्ये सहा तास. दुकानाच्या जवळपास पोचला पण तेवढा गार काही होत नाही घरच्या फ्रीजमध्ये.

कोकोमुळे बाकीचं सुरत उघडलं असं म्हणेन. दोटीवाला बेकरीची नानखटाई खाल्ली, ती बेकरी 1861 पासूनची. आणि घारी! कोजागिरीला आम्ही गच्चीवर मसाला दूध केलं, मला वाटलं झाला सण, तर दुसऱ्या दिवशी इथे चांदनी पडवो, म्हणजे अख्खं शहर रात्री घारी आणि भुसुं घेऊन बाहेर. भुसुं म्हणजे तिखट मिसळलेलं फरसाण. डुमसच्या रस्त्याला चटया टाकून लोक बसलेले. घारी म्हणजे मावा, पिस्ता, बदामाचं सारण मैद्याच्या पारीत भरून तुपात तळतात आणि वर पुन्हा घट्ट तुपाचा थर देतात, तो थर दातांनी मोडताना आधी गार लागतो आणि मग विरघळतो. एका वेळी अर्धीच खाऊ शकले. तिच्याबरोबर ते तिखट का लागतं ते दुसऱ्या घासाला कळलं.

आणि त्या रात्री एवढी माणसं रस्त्यावर खात होती तरी सकाळी ऑफिसला जाताना तोच रस्ता झाडून लख्ख. 1994 च्या प्लेगचं नाव आमच्याकडची म्हातारी माणसं अजून सुरतला लावतात, त्यांना सांगायला हवं की 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर इंदूरच्या बरोबरीने पहिलं आलं.

दिवाळीला घरी जाताना घारीचा डबा नेला, तो मस्त टिकला. कोकोची बाटली पण बर्फात गुंडाळून घेतली होती, पण नंदुरबार यायच्या आत बर्फ पाणी झाला आणि घरी पोचेपर्यंत ते नुसतं चॉकलेटचं दूध झालेलं. धाकट्या भावाने तेही पिऊन टाकलं आणि आता जानेवारीत यायचं तिकीट काढलंय.