हेडफोन लावून ऐकावेत असे भुताचे आणि युद्धाचे सिनेमे

नारायण पेठेत आमचा साउंडचा धंदा आहे. सत्यनारायणापासून विसर्जनाच्या मिरवणुकीपर्यंत बॉक्स, मिक्सर, माइक सगळं भाड्याने देतो. दिवसभर कान किटलेले असतात, आणि तरी रात्री घरची झोपली की मी काय लावतो, तर भुताचे आणि युद्धाचे सिनेमे. आमच्या हिच्या मते हा एक आजार आहे. असेल. पण आवाजाकडून इतकं काम करून घेणारे दुसरे सिनेमे मला तरी माहीत नाहीत. प्रेमकथेत पाऊस नुसता पडतो. भयपटात तो कुठे पडतोय, पत्र्यावर की मातीवर, यावर सगळं अवलंबून असतं. तेव्हा ही निवड एका साउंडवाल्याची आहे. नट, पारितोषिकं वगैरे नंतर. ‘कॉन्ज्युरिंग’ आणि ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ यात नाहीत, ते तुम्ही पाहिलेच असणार.

आधी जरा कामाचं बोलतो. हल्लीचे टीव्ही इतके पातळ असतात की स्पीकरला खाली नाहीतर मागे तोंड करून बसवावं लागतं. संवाद आधी भिंत ऐकते, मग आपण. त्यात रात्रीची वेळ म्हणून लोक सेटिंगमध्ये जाऊन ‘नाइट मोड’ चालू करतात. हा मोड मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो. बातम्यांना ठीक आहे, पण भयपटात कुजबुज आणि किंकाळी एकाच पातळीवर आली तर मग राहिलं काय? तो बंद करा. तापकीर गल्लीत जाऊन कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन घ्या. स्वस्त ब्लूटूथमध्ये ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, त्याने माझं डोकं फिरतं. आणि हिंदी डबिंगच्या वाटेला जाऊ नका. डबिंग करताना मूळ आवाजातला श्वास, खोकला, दाराची कडी, बरंच काही पातळ होऊन जातं. सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर खालचे निम्मे सिनेमे असे आहेत की त्यांत बोलणंच कमी आहे.

सुरुवात ‘अंडर द शॅडो’ने करा. 2016 चा, दिग्दर्शक बाबाक अन्वरी, भाषा फारसी, लांबी दीड तासापेक्षा कमी. काळ इराण-इराक युद्धाचा, तेहरानवर क्षेपणास्त्रं पडतायत. शिदेहला डॉक्टर व्हायचं होतं, पण विद्यार्थी असताना चळवळीत होती म्हणून विद्यापीठ तिला परत घेत नाही. नवरा डॉक्टर, त्याला आघाडीवर जायचा हुकूम येतो. तो म्हणतो, पोरीला घेऊन माझ्या आईवडिलांकडे जा. ही म्हणते, मी नाही जात. भांडण इतकं घरगुती आहे की आपल्या सोसायटीत कुठल्याही मजल्यावर ऐकू यावं. नवरा जातो, वरच्या मजल्यावर छत फोडून एक क्षेपणास्त्र घुसतं आणि फुटत नाही. इकडे हिच्या छताला तडा. मग बिल्डिंग एकेका बिऱ्हाडाने रिकामी होत जाते, मुलीची बाहुली सापडेनाशी होते, आणि वाऱ्याबरोबर आणखी काहीतरी आत आलंय असं मुलीला वाटायला लागतं.

यात भोंगा वाजला की सगळे तळघरात पळतात, आणि भोंगा थांबल्यावरची शांतता दिग्दर्शकाने लांबवून लांबवून वापरलीय. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या असतात. माझी आई एका रात्री पाणी प्यायला उठली आणि सोफ्याच्या मागे उभी राहून ते बघत बसली. तिने 71 चा ब्लॅकआउट पाहिलेला. म्हणाली, “आम्ही काळे कागद लावले होते, खळीने. युद्ध संपलं तरी निघेनात, नखांनी खरवडले.” मग बसलीच. भुताला घाबरली नाही. शिदेह मुलीला उचलून अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर पळते आणि डोक्यावर स्कार्फ नाही म्हणून तिलाच पकडून नेतात, तिथे मात्र आई म्हणाली, “अरे, बाईने जायचं कुठे मग?” सिनेमात हेच विचारलंय, फक्त कुणी तोंडाने बोलत नाही. आणखी एक गंमत बघा: व्हिडिओ बघायला बंदी, म्हणून शिदेहचा व्हीसीआर कपाटात कुलपात असतो. दारं लावून ती अमेरिकन नटी जेन फोंडाची व्यायामाची कॅसेट बघून उड्या मारते. म्हणजे घरी बसून सिनेमा बघणं हाच तिथे गुन्हा.

युद्धपटांत पहिला मान ‘कम अँड सी’चा. एलेम क्लिमोव, 1985, सोव्हिएत. जाणकारांमध्ये तो अजिबात दुर्लक्षित नाही, पण आपल्याकडे ज्याला सांगावं त्याने नाव ऐकलेलं नसतं, म्हणून यादीत. 1943 चं बेलारूस. फ्ल्योरा नावाचा पोरगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि आईचं न ऐकता पार्टिझानांमध्ये, म्हणजे जंगलात लपून जर्मनांशी लढणाऱ्या टोळ्यांमध्ये, जातो. मग जंगलात बॉम्ब पडतात आणि त्याचे कान जातात. इथून पुढे काही वेळ आपल्यालाही त्याच्याच कानांनी ऐकू येतं: एक सलग बारीक शिट्टी, आणि तिच्या मागे कुठेतरी खोल, पाण्याखालून आल्यासारखी माणसांची बोलणी. ही शिट्टी आमच्या धंद्यात सगळ्यांच्या ओळखीची. मिरवणुकीनंतर ती आमच्या पोरांच्या कानांत दोन-दोन दिवस राहते. सिनेमात तिचा इतका खरा वापर मी दुसरीकडे ऐकलेला नाही.

एक जागा सांगतोच, गोष्ट फुटली तरी चालेल. फ्ल्योरा ग्लाशा नावाच्या मुलीला घेऊन आपल्या घरी येतो. घरात कुणी नाही. भांड्यातलं सूप अजून गरम आहे. दोघं खायला बसतात, आणि माश्या घोंगावतायत. आधी वाटतं, खेडं आहे, माश्या असणारच. मग तो आवाज थोडा जास्तच आहे हे लक्षात येतं. पोरगा म्हणतो, सगळे बेटावर लपले असतील, आणि पळत सुटतो. मागून पळताना ग्लाशा एकदा वळून बघते. घराच्या मागच्या भिंतीशी काय आहे ते तिला दिसतं, आपल्यालाही दिसतं, त्याला नाही. कॅमेरा तिथे थांबतसुद्धा नाही. पण माश्यांनी ते आधीच सांगितलेलं असतं. शेवटी पडद्यावर आकडा येतो, बेलारूसमधली 628 गावं माणसांसकट जाळली. क्लिमोवने यानंतर एकही सिनेमा केला नाही. रविवारी दुपारी मटण हाणून बघायचा हा सिनेमा नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

क्लिमोवच्या बायकोचाही एक आहे आणि तो खरोखरच कमी लोकांनी पाहिलाय. लारिसा शेपित्को, ‘द असेंट’, 1977, बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर, म्हणजे तिथलं पहिलं पारितोषिक, मिळालेला. बर्फात दोन पार्टिझान, त्यातला एक आजारी. एका बाईच्या घरात माळ्यावर लपलेत, खाली जर्मन आलेत, आणि याला खोकला येतोय. सगळं त्या एका खोकल्यावर. दोन वर्षांनी शेपित्को मोटार अपघातात गेली. मॉसफिल्म या रशियन स्टुडिओचे बरेच जुने सिनेमे त्यांच्याच यूट्यूब चॅनेलवर फुकट आहेत, तिथे शोधा.

‘कनाल’ मी पहिल्यांदा एका मित्राबरोबर लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला. आंद्रे वायदा, 1957. 1944 च्या वॉर्सातल्या जर्मनांविरुद्धच्या उठावात हरत आलेली एक तुकडी शहराच्या गटारातून सुटायचा प्रयत्न करते. सुरुवातीलाच निवेदक सांगून टाकतो, यांच्याकडे नीट बघा, हे यांचे शेवटचे तास आहेत. म्हणजे वाचतील का ही उत्सुकता पहिल्या पाच मिनिटांत संपली, उरलं फक्त कसे जातात ते. गटारात शिरल्यावर हाका घुमतात आणि कुठून आल्या ते कळत नाही. त्यांच्याबरोबर एक संगीतकार असतो. त्याच्या डोक्यावर परिणाम होतो आणि तो त्या घाणीत ओकारिना, म्हणजे मातीची शिटीसारखी बासरी, वाजवत अंधारात निघून जातो. सिनेमा मोनोमधला आहे, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. थिएटरात तो आवाज समोरून येतो, हेडफोनमध्ये थेट डोक्याच्या मधोमध बसतो. माझं विचाराल तर या एका सिनेमापुरतं घर हे थिएटरपेक्षा चांगलं. एक जोडी शेवटी उजेडापर्यंत पोचते, तर तोंडाला लोखंडी गज, पलीकडे विस्तुला नदी. त्या काळी नदीच्या पलीकडे रशियन फौज येऊन नुसती थांबली होती. सिनेमा झाला तेव्हा पोलंड रशियाच्याच दबावाखाली, तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणून फक्त रिकामा काठ दाखवलाय. पोलिश प्रेक्षकाला पुढचं सांगायला लागलं नसणार.

आता गवत आणि ऊस. कानेतो शिंदोचा ‘ओनिबाबा’, 1964, जपानी, कृष्णधवल. यादवी चालू आहे, पुरुषभर उंच गवतात सासू-सून राहतात. वाट चुकलेल्या सैनिकांना मारायचं, प्रेतं खड्ड्यात टाकायची, चिलखतं विकून धान्य आणायचं. एका मेलेल्या सरदाराचा राक्षसी मुखवटा सासूच्या हाती लागतो आणि ती सुनेला घाबरवायला तो चढवते. पुढचं सांगत नाही. पण वाऱ्याने ते गवत जे सळसळतं आणि मध्येच ढोल उठतात, त्यासाठी तरी बघा. आणि त्याच आठवड्यात आपला मराठी ‘लपाछपी’ लावा. विशाल फुरिया, 2017. गरोदर पूजा सावंत, भोवती ऊसच ऊस, आणि घरात गोड बोलणारी उषा नाईक. ज्याने तोडणीच्या आधीच्या उसात संध्याकाळी उभं राहून पाहिलंय, त्याला तो आवाज वेगळा सांगायला नको. तक्रार एकच: पार्श्वसंगीत फार. ऊस स्वतः बोलत असताना मागे व्हायोलिनं कशाला? तरी उषा नाईक यांच्यासाठी हे सोसून घ्या. याच दिग्दर्शकाने पुढे 2021 मध्ये हिंदीत ‘छोरी’ केला आणि तोच जास्त लोकांनी पाहिला.

‘आर-पॉइंट’ कोरियन, 2004. व्हिएतनाम युद्धात कोरियाचे सैनिक लढले होते हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मेली म्हणून नोंद झालेल्या तुकडीकडून वायरलेसवर मदतीची हाक येते आणि शोधायला दुसरी तुकडी पाठवतात. वायरलेसची खरखर फर्स्ट क्लास. शूटिंग कंबोडियात बोकोरच्या ओसाड हॉटेलात झालंय, ती वास्तूच अर्धं काम करते. उत्तरार्धात मात्र आरडाओरडा वाढतो आणि मजा उतरते. ज्यांना गोष्ट नीट बांधलेली हवी त्यांनी त्याऐवजी दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोचा ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ घ्यावा, 2001 चा: स्पेनचं यादवी युद्ध, अनाथाश्रम, अंगणात रुतलेला न फुटलेला बॉम्ब. पोरं म्हणतात, कान लावला तर त्याची धडधड ऐकू येते.

राहिला ‘लेक मुंगो’, 2008, ऑस्ट्रेलियन. यात युद्ध नाही. बुडून गेलेल्या मुलीबद्दल तिच्या घरचे कॅमेऱ्यासमोर बोलतात, बस. माहितीपट असल्यासारखाच केलाय. कुणी ओरडत नाही, दार आपटत नाही. माझ्या पुतण्याला अर्ध्यातच झोप लागली, तो मोबाइलवर बघत होता. हा सिनेमा मोबाइलवर लावूच नका, कारण यात जे आहे ते फोटोंच्या कोपऱ्यात आहे. आणि एक काम आधीच करून ठेवा: ॲपमधलं पुढचं आपोआप चालू होण्याचं सेटिंग बंद करा. श्रेयनामावली सुरू झाली की ही ॲपं चित्र बारीक करून दुसरंच काहीतरी गळ्यात मारतात, आणि याची नामावली चालू असतानाच, मघाशी आपल्या नजरेतून सुटलेलं सगळं परत दाखवलंय.