शिवाजी पार्कजवळचे प्रकाश: दोघांत एक पियूष

दादरच्या प्रकाश उपाहार केंद्रात आम्ही दोघे गेली पंचवीस वर्षे जात आहोत, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या मोजक्या गोष्टींवर आमचे कधीच दुमत झाले नाही, त्यांत येथील साबुदाणा वडा येतो. बाहेरून खरपूस, आतून मऊ आणि दाण्याच्या कुटाची चव जिभेवर रेंगाळत ठेवणारा असा वडा मी इतरत्र क्वचितच खाल्ला आहे.

पियूष मात्र आता दोघांत एकच मागवतो. श्रीखंड ताकात घुसळून केलेले हे दाट, गोड पेय ह्यांना मधुमेह झाल्यापासून वर्ज्यच आहे; तरीही मी दोन घोट घेऊ देते, कारण एवढ्या वर्षांच्या सवयीला पूर्ण नकार देणे माझ्याच्याने होत नाही. उरलेला पेला ते न बोलता माझ्याकडे सरकवतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत पगाराच्या दिवशीच बाहेर खाणे होई, तेव्हाही शेवटचा घास असाच माझ्या ताटलीत येत असे.

ज्येष्ठांनी गर्दी टाळून सकाळी लवकर जावे. वडा गरम असतानाच खावा.