नऊ महिन्यांचा लूप अँटेना आणि त्याच्यासोबत आलेला अ‍ॅडॉप्टर

जूनमध्ये गडगडाटासह पडलेल्या पहिल्या मोठ्या पावसात माझ्या अ‍ॅक्टिव्ह लूप अँटेनाचा (रेडिओचे संकेत पकडणाऱ्या गोल वेढ्याचा) अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला आणि विक्रेत्याने वॉरंटी नाकारली. कारण असे सांगण्यात आले, की मी खोक्यातून आलेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर वापरला नव्हता. या अँटेनाविषयीचे माझे मत नऊ महिन्यांत दोनदा बदलले आहे. अ‍ॅडॉप्टरविषयीचे एकदाही बदललेले नाही, त्यामुळे पुढील मजकुरात त्याचा उल्लेख गरजेपेक्षा जास्त वेळा आला तर वाचकांनी समजून घ्यावे.

मी गोरेगावात चौथ्या मजल्यावर राहतो. हौशी रेडिओचा (हॅम) परवाना आहे, परंतु १६० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर (सुमारे १.८ मेगाहर्ट्झ) पाठवण्यासाठी अर्ध्या तरंगलांबीची तार टाकायची तर सुमारे ८० मीटर जागा लागते. आमच्या इमारतीची गच्ची पाण्याच्या टाक्या धरून २२ मीटर लांब आहे आणि तिची किल्ली सेक्रेटरींच्या ताब्यात असते. म्हणून सध्या मी केवळ ऐकतो. बाल्कनीत पीव्हीसीच्या नळीवर एक मीटर व्यासाचा लूप, घरात आरटीएल-एसडीआर व्ही३ (लॅपटॉपला जोडायचा छोटा रिसीव्हर) आणि जुना लॅपटॉप एवढाच सरंजाम आहे. लूपला ९,२०० रुपये पडले.

मी ऐकतो ते विस्पर: जगभरचे हौशी अगदी कमी शक्तीने आपली ओळख पाठवतात आणि ऐकणाऱ्याचा संगणक ती वाचून ऐकू आलेल्या स्टेशनांची यादी करतो. पल्सारच्या कामासाठी १९९३ चे नोबेल मिळवणाऱ्या जो टेलर यांनी २००८ साली ही पद्धत आणली. दोन मिनिटांच्या खिडकीत ११०.६ सेकंद चालणारे १६२ स्वर, जेमतेम ६ हर्ट्झ रुंदीत, आणि २,५०० हर्ट्झच्या गोंगाटापेक्षा २८ डेसिबल खाली गेलेला संकेतही ती वाचते. ज्याला एवढी बारीक कुजबूज ऐकायची आहे, त्याच्या हाती कसला अ‍ॅडॉप्टर द्यावा, याचा विचार मात्र खोके भरणाऱ्याने केलेला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये मी या लूपला पाचपैकी दोन तारे दिले होते. १.८३६६ मेगाहर्ट्झवर रात्रभर ऐकूनही सकाळी यादीत चार-पाच नोंदी दिसत, आणि त्याही सगळ्या सुरुवातीच्या पंधरा-वीस मिनिटांतल्या असत. मी दोष अ‍ॅम्प्लिफायरला दिला, मग केबलला, मग शेजारच्या एलईडी दिव्यांना आणि शेवटी लिफ्टलाही. पंधरा मिनिटे चांगली आणि मग काहीच नाही, या गोष्टीचा अर्थ लावायला मला महिना लागला, याची आता लाज वाटते.

डिसेंबरमधल्या एका रविवारी मी वॉटरफॉलची (पडद्यावर सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सींच्या चित्राची) रुंदी वाढवून बसलो. साधारण दर ६३ किलोहर्ट्झवर एकेक जाड, केसाळ पट्टा उभा होता. स्विचिंग सप्लायची, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणाऱ्या यंत्राची, ही ओळखीची सही आहे. अ‍ॅडॉप्टर थंड असताना त्यातला एक पट्टा विस्परच्या २०० हर्ट्झच्या खिडकीपासून बराच बाजूला असे. अ‍ॅडॉप्टर तापू लागला की तो पट्टा हळूहळू सरकत येई आणि विसाव्या मिनिटाला नेमका खिडकीवर येऊन बसे. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी काढून लूपला जोडली, तेव्हा गोंगाटाचा मीटर ११ डेसिबल खाली आला. याचा हिशोब असा, की जगात कुठे तरी कोणी २०० मिलिवॉटवर पाठवत असेल, तर त्या अ‍ॅडॉप्टरसह मला ऐकू येण्यासाठी त्याला अडीच वॉट लावावे लागले असते. माझ्या विक्रेत्याने वाचवलेल्या शंभर रुपयांची किंमत त्याने का मोजावी?

पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर), हीटसिंक आणि कपॅसिटर आणले आणि सप्लाय स्वतःच बनवला. खर्च ४२० रुपये झाला. एक सूचना जरूर करतो: ब्रिजमधील (एसीचे डीसी करणाऱ्या) चारही डायोडांवर प्रत्येकी ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, नाही तर सप्लाय लिनिअर (स्विचिंग नसलेला) असूनही संकेतात गुणगुण शिरते. त्यानंतर जानेवारीभर लूपने मला चकित केले. पहाटे उठून यादी पाहणे ही सवयच जडली. एका रात्री युरोपातील एक स्टेशन उणे २८ डेसिबलवर एकदाच उमटले, आणि ती ओळ मी चहा गार होईपर्यंत पाहत बसलो होतो. दोन ताऱ्यांचे मी चार तारे केले.

लूपची दुसरी जमेची बाजू म्हणजे तो फिरवता येतो. मालाडची आकाशवाणीची मध्यम लहर येथे इतकी जवळ आहे, की आरटीएल-एसडीआर गुदमरतो. लूपची पाठ तिकडे केली की तो मोकळा होतो. विस्परच्या ४७४.२ किलोहर्ट्झवरही मी दहा रात्री ऐकले. ती जागा मध्यम लहरींच्या पट्ट्याला चिकटूनच असल्याने माझ्या बाल्कनीतून तिथे काहीही हाती लागले नाही, आणि याचे खापर मी लूपवर फोडणार नाही. टीसीएक्सओसाठी (तापमान बदलले तरी फ्रिक्वेन्सी न ढळू देणाऱ्या रिसीव्हरमधल्या घटकासाठी) दिलेले जास्तीचे पैसे खालच्या बँडवर फारसे वसूल होत नाहीत, कारण एक पीपीएम (दहा लाखांतला एक भाग) म्हणजे १.८ मेगाहर्ट्झवर दोन हर्ट्झसुद्धा होत नाहीत. लॅपटॉपचे घड्याळ मात्र सेकंदाच्या आत बरोबर हवे.

आता वॉरंटीकडे येतो. फोनवरील गृहस्थ म्हणाले, "साहेब, आपला अ‍ॅडॉप्टर वापरला असता, तर मशीन जळलं नसतं." मी म्हणालो, "तुमचा अ‍ॅडॉप्टर वापरला असता, तर मशीनची गरजच उरली नसती." यावर त्यांनी अटींचे कलम वाचून दाखवले. वीज कडाडत असताना लूप जोडलेला ठेवला हा दोष माझा होता आणि तो मी त्यांच्यापाशी कबूलही केला. परंतु त्यांनी ते कारण दिलेच नाही.

अखेर अ‍ॅम्प्लिफायरची डबी मीच उघडली. सुरुवातीचा एक ट्रान्झिस्टर गेला होता. तो ९० रुपयांत बदलला. संरक्षणासाठी उलटसुलट डायोड लावण्याचा मोह आवरला, कारण मालाड इतके जवळ असताना तेच डायोड मिक्सर (संकेत एकमेकांत मिसळणारे) बनून नसलेली स्टेशने ऐकवतील. त्याऐवजी गॅस ट्यूब (अचानक आलेला जादा व्होल्टेज वळवणारी नळी) बसवली आहे, आणि पावसाळ्यात रात्री केबल काढून ठेवतो.

लूपचे चार तारे कायम ठेवत आहे. पाचवा अ‍ॅडॉप्टरपायी कापला. तो अ‍ॅडॉप्टर आमच्या घरी गणपतीच्या मखरातल्या एलईडी पट्टीला लावायचे ठरले आहे. त्या पाच दिवसांत रेडिओ बंदच असतो.