हाताचा व्हॅक्यूम पंप: गिअरबॉक्स खोलण्याआधी वापरून पाहायचं हत्यार

गिअर उशिरा पडतो, पडताना गाडीला दणका बसतो आणि निदान होतं, "गिअरबॉक्स खोलावा लागेल." जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत असं निदान मान्य करण्याआधी पिस्तुलाच्या आकाराचा, वर गेज असलेला व्हॅक्यूम पंप लावून पाहावा. बिघाड इंजिनाकडचा, नळीतला, मॉड्युलेटरचा (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्समधला दाब ठरवणाऱ्या डबीचा) की खरोखर गिअरबॉक्सच्या आतला, हे तो अर्ध्या तासात वेगळं करून देतो.

आधी एक अट. व्हॅक्यूम मॉड्युलेटर असलेल्या गिअरबॉक्सलाच याचा उपयोग, उदाहरणार्थ: जनरल मोटर्सचे टर्बो-हायड्रामॅटिक 400 (1964) आणि 350 (1969), फोर्डचे सी4 (1964) आणि सी6 (1966), मर्सिडीजचा 722.3. टर्बो-हायड्रामॅटिक 700आर4 मध्ये हेच काम केबल करते, तिथे पंप पेटीतच राहू द्या.

मॉड्युलेटर म्हणजे पत्र्याची डबी, आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. इंजिन हवा ओढतं तेव्हा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो नळीने मॉड्युलेटरपर्यंत येतो. इंजिनावर भार नसताना व्हॅक्यूम जास्त असतो, तो स्प्रिंगच्या विरुद्ध पडदा ओढतो, गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब उतरतो आणि गिअर लवकर, मऊ पडतो. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो, दाब चढतो, गिअर उशिरा आणि घट्ट पडतो. ही नळी फुटली तर गिअरबॉक्सला वाटतं की गाडी कायम चढावरच आहे; दणक्याचं एक नेहमीचं कारण हेच.

पंप घेताना बॉडी धातूची असावी. प्लास्टिकचाही चालतो, पण त्याचे जोड हळूहळू हवा सोडू लागतात आणि मग दोष पंपाचा असून मॉड्युलेटर बदलला जातो. म्हणून दर वेळी पंपाचीच परीक्षा आधी: तोंडाला बूच लावा, 20 इंच पाऱ्यापर्यंत (व्हॅक्यूमचं माप; पुढे नुसतं इंच) ओढा आणि एक मिनिट थांबा. काटा हलला तर पुढचं सगळं मोजमाप फुकट. गेज 0 ते 30 इंचांचं आणि वाचता येईल एवढं मोठं हवं. आणि किटमध्ये टी जोड (नळीच्या मध्ये घालायचा तीन तोंडांचा तुकडा) आहे का ते बघाच. त्याच्याशिवाय चालू इंजिनावर मोजता येत नाही. टी जोड नसलेला किट अर्धाच समजावा.

मोजायला बसण्याआधी गरम इंजिनावर गिअर ऑइलची पातळी बघा. ती कमी असताना केलेल्या चाचण्यांना अर्थ नाही.

मग मॉड्युलेटरच्या टोकाशीच टी घाला. मॅनिफोल्डपाशी (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांपाशी) घातला तर मधली सगळी नळी तपासायची राहते. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) निरोगी इंजिन समुद्रसपाटीला 17 ते 21 इंच दाखवतं. दर 300 मीटर उंचीला साधारण एक इंच वजा धरा. मॅनिफोल्डला 19 आणि मॉड्युलेटरला 12 असेल तर नळी गळते आहे. दोन्हीकडे सारखाच कमी असेल तर इग्निशन टायमिंग, मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॉल्व्ह असं इंजिनाकडे वळा. आयडलला शून्य आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावर व्हॅक्यूम येत असेल, तर नळी कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) वरच्या भोकाला लावलेली आहे. कार्ब्युरेटर बदलल्यावर ही चूक हमखास होते. आता ॲक्सिलरेटर एकदम दाबून सोडा. काटा झटकन शून्याजवळ जाऊन तसाच परत आला पाहिजे. रेंगाळला तर नळी आत चिकटली आहे किंवा तुंबली आहे. व्हॅक्यूमसाठी जाड भिंतीचीच नळी वापरा. साधी मऊ नळी गरम झाली की चपटी होते.

डिझेल मर्सिडीजचा हिशोब वेगळा. तिथे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो. इंजिनावरचा वेगळा पंप तो तयार करतो आणि इंजेक्शन पंपावरचा (डिझेल सोडणाऱ्या पंपावरचा) व्हॉल्व्ह तो मोजून सोडतो. इंजेक्शन पंपावरचा ॲक्सिलरेटरचा लिव्हर हलवताना गेज पायरी न घेता सरळ उतरलं पाहिजे.

शेवटी मॉड्युलेटर. नळी काढून आत बघा. लाल ऑइल दिसलं तर पडदा फाटला आहे आणि ऑइल इंजिनात जळतं आहे: बाहेर थेंबही नाही, पातळी उतरतेय, सायलेन्सरमधून पांढरट धूर. नळी कोरडी असेल तर पंप लावून 18 इंच ओढा. अर्धा मिनिट काटा जागचा हलता कामा नये. किटमधली बरणी या वेळी मध्ये घालू नका. ती ऑइल अडवते खरी, पण तिच्यातल्या हवेमुळे बारीक गळती काट्यावर दिसतच नाही.

पडदा ठीक असूनही शंका उरली तर इंजिनाकडची नळी बुचाने बंद करा, मॉड्युलेटरला पंपाने 15 इंच द्या, गिअरबॉक्सला ऑइल प्रेशरचं गेज जोडा आणि व्हॅक्यूम थोडा थोडा सोडत जा. दाब चढला तर मॉड्युलेटर काम करतोय, दोष आत आहे. व्हॅक्यूम उतरूनही दाब जागचा हलला नाही तर मॉड्युलेटरच्या मागचा व्हॉल्व्ह अडकल्याचा संशय घ्या. पंपाने व्हॅक्यूम धरून गाडी जोरात चालवू नका; कमी दाबावर गिअरबॉक्समधले क्लच घसरून जळतात.

मॉड्युलेटर बदलताना मागचा व्हॉल्व्ह किंवा सी6 मधली बारीक पिन निसटून पडते, ती आधी हातात घ्या. स्क्रूने जुळवता येणारा मॉड्युलेटर असेल तर स्क्रू आत फिरवला की गिअर उशिरा आणि घट्ट पडतो. एका वेळी अर्धा फेरा, मग गाडी चालवून बघा.

या पंपाची एक जाहिरात मात्र मनावर घेऊ नये: "ब्रेकची हवाही काढा." निघते, पण ब्रेक ऑइल गिअरबॉक्सच्या रबराला घातक आहे आणि नळीतला एक थेंबही पुढे जातो. ब्रेकसाठी दुसरा पंप ठेवा, निदान नळ्या आणि बरणी तरी वेगळी.