'डेव्हिन'च्या नावाखाली माझे १५,६८० डॉलर गेले

सहा आठवडे कुणाला बोललो नाही, घरातही अर्धंच सांगितलं. आता लिहितोय, कारण इथे अमेरिकेत जुन्या फायबर बॉडीच्या गाड्यांच्या मागे असलेले मराठी लोक माझ्या ओळखीतच तिघे आहेत, आणि मला फसवणारा तो माणूस अजूनही गाड्या विकतोय.

जाहिरात होती '१९५९ ची डेव्हिन डी, इंजिन नाही'. म्हणजे बिल डेव्हिनने बनवलेली फायबर बॉडीची जुनी स्पोर्ट्स गाडी. इसार १,५०० डॉलर, मग १३,००० वायरने, ट्रेलरवरून आणायचे १,१८०.

मी डोळे मिटून घेतली नाही. बिल डेव्हिन कॅलिफोर्नियात नुसत्या बॉड्याही विकायचा, २९५ डॉलरपासून, वेगवेगळ्या मापांत. लोकांनी त्या मिळेल त्या चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, चढवल्या. त्यामुळे बिल्ला नाही, डॅशबोर्ड निराळा, म्हणून गाडी खोटी असं कुणी म्हणत नाही. पुढच्या ॲक्सलचे, फोक्सवॅगनच्या बीटल गाडीचे ते दोन आडवे पाइप मी खाली वाकून पाहिले होते. पण डेव्हिन डीला फोक्सवॅगनचेच भाग होते! त्याने नेमकं हेच नाव का निवडलं, ते आता कळतंय.

चुकलो ते पुढे. सीटच्या मागे, मधल्या बोगद्यावर (तळाच्या मधोमध असलेल्या उंचवट्यावर), नवा राखाडी गालिचा डकवलेला होता. बाकी गाडीत एक धड शिवण नाही, आणि तेवढाच तुकडा कोरा. डिंकाचा उग्र वास नाकात जात होता. मी कोपऱ्याला नखही लावलं. तो म्हणाला, "ओढू नका, कालच लावलाय." आणि मी हात मागे घेतला. साठ वर्षं जुन्या गाडीत कालचा गालिचा कशाला, एवढं विचारायचं होतं. भिडेखातर नाही विचारलं. अजून रात्री तो कोपरा डोळ्यांसमोर येतो.

घरी आणल्यावर उचकटला. खाली नंबर, ११८ ने सुरू होणारा. बीटलच्या त्या काळच्या नंबरात तिसरा आकडा मॉडेलचं साल सांगतो, म्हणजे १९६८. खरी डेव्हिन डी पाइपच्या स्वतःच्या चौकटीवर असते. माझ्याखाली बीटलचा पत्र्याचा तळ, तोही आडवा कापून आखूड केलेला. वेल्डिंगवर जाड काळा रंग फासला होता. वरची बॉडी कुणाची, हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. साच्यावरून साचा काढणारे तेव्हाही कमी नव्हते.

टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, '१९५९ कस्टम' आणि भलताच नंबर. पैसे देण्याआधी टायटलचा नंबर चासीवर स्वतः वाचा. फोटोवर भागवू नका.

पोलिसांकडे गेलो. "हा दोघांतला व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा." लहान दाव्यांच्या कोर्टात रक्कम मर्यादेबाहेर. वकिलाने आधीच २,५०० मागितले. बँक म्हणते, वायर तुम्हीच केली. वाहन नोंदणी कार्यालयात तीनदा गेलो. पहिल्यांदा म्हणाले, गाडी कोणत्या कंपनीची ते आम्ही ठरवत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, नंबर जुळत नाही म्हणून नोंदणी होणार नाही. तिसऱ्यांदा, पोलिसांचा तपासणी अहवाल आणा. पोलीस म्हणतात, नोंदणी कार्यालयाचं पत्र आणा! खोटं टायटल ज्याने दिलं त्याला कुणी एक प्रश्न विचारत नाही, आणि मी मात्र चोराची गाडी आणल्यासारखा रांगेत उभा राहतो. तक्रारीची पोच मिळाली, तिच्यावर ना सही ना शिक्का.

गाडी उचलून खालून बघा. सोबत बीटल उघडलेला माणूस न्या, नुसता हौशी मित्र नको. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, टेपने मोजा. "दुसरा गिऱ्हाईक संध्याकाळी येतोय" म्हणाला की इसार देऊच नका. मी त्याच वाक्यावर दिला.

परवा त्याची नवी जाहिरात आली. या वेळी १९५७ ची म्हणतोय, इंजिन नाही. आतल्या फोटोत बोगद्यावर तोच राखाडी गालिचा आहे.