आतड्याच्या भिंतीतील वायू : देखरेख की शस्त्रक्रिया?

सीटी स्कॅनमध्ये आतड्याच्या भिंतीत वायूचे बुडबुडे दिसले, की धुळे-जळगावच्या शल्यचिकित्सकापुढेही तेच दोन मार्ग असतात: रुग्णाला दाखल करून देखरेखीखाली ठेवणे किंवा तातडीने पोट उघडणे. साध्या एक्स-रेत हे बुडबुडे अनेकदा निसटतात. तरीही निर्णय केवळ चित्रावर घेता येत नाही.

पोट मऊ, रक्तदाब स्थिर आणि रक्तातील लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्यास वाढणारा घटक) सामान्य असेल, तर आतड्याला विश्रांती (तोंडाने काही न देणे), सलाइन, ऑक्सिजन आणि काही वेळा मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक एवढ्यावर बहुधा भागते. मधुमेहासाठी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असल्यास ते थांबवल्यावर वायू ओसरल्याचीही उदाहरणे आहेत, आणि नेमके हेच विचारायचे राहून जाते.

याउलट पोट कडक झाले असेल, लॅक्टेट वाढले असेल आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेतही वायू असेल, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याचा संशय बळावतो. तेथे विलंब जिवावर बेततो. पोटातील मोकळी हवा एकटीच शस्त्रक्रियेचे कारण ठरत नाही, कारण एखादा बुडबुडा फुटूनही ती येते.

नंदुरबारमधील दुर्गम धडगाव-अक्कलकुव्याकडील रुग्णाची देखरेख मात्र, लक्षणे सौम्य असली तरी, माझ्या मते शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी.